सैतानबावेतली पणती

धायरीच्या मागच्या अंगाला, नव्या सोसायट्या संपून डोंगर सुरू होतो तिथं, एक जुनी विहीर आहे. तिचं नाव सैतानबाव. सैतानाचं नाव लागलं की गिऱ्हाईक आपसूक येतं, हे पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही. विहिरीजवळ ‘सैतान मिसळ’ निघाली, रिक्षावाले वळणाला ‘सैतान कॉर्नर’ म्हणू लागले, मोबाइलच्या नकाशावरही जागा झळकली. एवढं झाल्यावर महाराज उगवायचेच. दिवाळीनंतर ते उगवले आणि त्यांनी नाव घेतलं श्री सैतानमर्दन. त्याआधी ते मोबाइलची कव्हरं विकत, पण त्याची आठवण काढलेली त्यांना खपत नसे.

त्या अमावास्येला भर सकाळी विहिरीभोवती तीनशे माणसं जमली होती. दर अमावास्येला महाराज एकेकाच्या नावानं पणती पेटवायचे, टोपलीत ठेवून दोरानं खाली सोडायचे. कुणाची पणती तेवत वर यायची, तो सुटला. कुणाची मात्र आतल्या आत विझायची, ना वारा ना फुंकर.

“गिळला प्रकाश,” महाराज डोळे मिटून सांगायचे. “फार जुनी निगेटिव्ह फ्रिक्वेन्सी आहे. तिला आपण माणूस दाखवला, आता ती सोडणार नाही.”

फ्रिक्वेन्सी ऐकून इंजिनियर मंडळींचे हात आधी जोडले जायचे. त्यांत अभिनव होता. हा यवतमाळहून नोकरीसाठी आलेला, हिंजवडीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा पगार घेणारा. त्याची नऊ वर्षांची निकिता शेजारी उभी होती. तिला फिट यायची. डॉक्टरांच्या गोळ्यांनी सात महिने एकही आली नव्हती. मग शाळेच्या गॅदरिंगमध्ये सगळ्यांसमोर आली आणि अभिनवचा धीर सुटला. मागच्या अमावास्येला निकिताची पणती विझली. गोळ्या सैतानाला झोपवतात, घालवत नाहीत, असं महाराजांनी सांगितलं आणि या शहाण्यानं गोळ्या बंद केल्या. महिन्यात तीन फिट आल्या. सैतान निघताना हातपाय आपटतो, असा त्याचाही खुलासा महाराजांकडे तयार होता.

आता शेवटचा उपाय राहिला होता आणि आज पणत्यांच्या आधी तोच व्हायचा होता. निकिताला विहिरीत सोडायचं, महाराजांनी वरून अकरा वेळा मंत्र म्हणायचा आणि विहिरीचा सैतान विहिरीला परत द्यायचा.

अभिनवनं काही बेफिकिरी केली नव्हती बरं का! गिर्यारोहकांचा पट्टा मागवला होता, त्याचे दोनशे अभिप्राय वाचले होते, दोराला धोंडा बांधून दोनदा ओढून बघितलं होतं. पोरगी पडणार नाही याची त्यानं चोख खात्री केली होती. खाली ती श्वास कशाचा घेणार, हे मात्र त्या यादीत नव्हतं. बायको दीपाली आठ दिवस विनवून थकली होती. तुझ्याकडे दुसरा उपाय आहे का, असं विचारून त्यानं तिचं तोंड बंद केलं होतं.

तो पट्टा निकिताच्या कमरेला आवळत असताना मालनबाई गर्दीतून पुढे आली. सत्तरीची ही बाई त्याच्याच सोसायटीचे जिने झाडायची आणि अभिनवनं तिला आजवर “पाणी नीट मारा” याखेरीज काही सांगितलं नव्हतं.

“सायेब, पोरीला कुठवर सोडनार?” तिनं विचारलं.

दोराला दोन लाल गाठी होत्या. वरच्या गाठीपर्यंतच, अभिनव म्हणाला. तिथवर धोका नाही, असं महाराजांनी त्याला खासगीत सांगितलं होतं.

“म्हंजी खाली धोका हाय, ह्ये त्येला ठावं हाय.”

अभिनवचे हात थांबले. एवढी साधी गोष्ट त्याच्या लक्षात यायला जिने झाडणारी बाई लागली.

महाराजांनी तिला हाकलायला माणसं धाडली, पण म्हातारी बसली कठड्यावर आणि लागली सांगायला. तिचा नवरा भैरू विहिरींचा गाळ काढायचा. उतरण्याआधी दिवा सोडायचा, हा त्या कामाचा रिवाज. दिवा विझला तर त्याखाली माणूस जायचा नाही, तिथं दोराला गाठ मारायची. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात याच विहिरीत दिवा विझला. मालक म्हणाला, वाऱ्यानं विझला असेल, उतर. भैरू उतरला, त्याला आणायला त्याचा भाऊ उतरला, आणि दोघांनाही गळ टाकून वर काढावं लागलं. पोरांनी पुन्हा फिरकू नये म्हणून तिनंच विहिरीला सैतानाचं नाव पाडलं होतं. नळ आले, रिवाज विसरला गेला, नाव तेवढं राहिलं.

“आता म्हाराजांच्या नावची पणती सोडा,” ती म्हणाली. “वरच्याच गाठीवर. दोर मी धरते.”

महाराज हसले. वरच्या गाठीवर पणती कधीच विझत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. टोपली गाठीपर्यंत गेली आणि पणती विझली.

महाराजांनाच सैतान लागला, असा गलका झाला. त्यांनी दोर हिसकावून दुसरी पणती सोडली, तीही गेली. तेव्हा मात्र ते गर्दीतून मागे सरकू लागले आणि लोकांनी त्यांना धरलं. महाराजांच्या माणसांनी बळीसाठी आणलेलं कोंबडं मालनबाईनं टोपलीत बांधून त्याच गाठीवर सोडलं. आधी फडफड ऐकू आली, मग काही नाही. वर काढलं तेव्हा त्याची मान लोंबत होती.

अभिनवनं कोंबड्याकडे बघितलं, निकिताकडे बघितलं. मग शांतपणे पट्टा तिच्या कमरेचा काढला आणि लोकांनी धरून ठेवलेल्या महाराजांना घातला. चारही बकलं दोनदा तपासली. कठड्यापलीकडे पाय लोंबकळताच फ्रिक्वेन्सी संपली आणि माणूस बोलायला लागला. ज्याला सोडवायचं त्याची पणती वरच्या गाठीवर थांबवायची, ज्याला घाबरवायचं त्याची खालच्या गाठीवर न्यायची. गाठी दिवाळीत, दिवा कुठं विझतो ते गुपचूप बघून मारलेल्या. खालची वाईट हवा वर चढते हे देवाशप्पथ माहीत नव्हतं, असं म्हणत तो रडायला लागला. खाली सोडा त्याला, अशी ओरड झाली. अभिनवही ओरडत होता.

“वर घ्या,” मालनबाई म्हणाली. “माजी दोन मान्सं मेली हितं. तिसरं कुनी मरायचं न्हाई, ह्यो बी न्हाई.”

त्याला वर घेतलं आणि पोलिसांच्या ताब्यात दिलं.

या चमत्कारात गूढ काही नव्हतं. विहिरीत वर्षानुवर्षं मैलापाणी झिरपतं, कुजतं. त्यातून निघणारा वायू हवेपेक्षा जड, तो तळाशी साचतो. त्यात दिवा जळत नाही, माणूस जगत नाही. दोन दिवस वारा पडला होता, म्हणून तो वरच्या गाठीच्याही वर चढला होता; वारा पडला की तो चढतो, हे मालनबाईला भैरूमुळं ठाऊक होतं. एवढं शाळेच्या पुस्तकात असतं आणि अभिनवला त्या विषयात पंच्याण्णव मार्क होते.

त्याच दुपारी डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. घरी आल्यावर निकितानं विचारलं, “बाबा, त्या आजी आल्या नसत्या तर तुम्ही मला सोडलं असतं?”

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं. पण ती टक लावून बघत होती.

“हो,” तो म्हणाला.

निकितानं गोळी त्याच्या हातातून घेतली नाही. ती आईकडे गेली आणि तेव्हापासून गोळी आईच्याच हातून घेते.

तर लोकहो, पणती विझली की हात जोडू नका, का विझली ते विचारा. डॉक्टरला विचारा, मास्तरला विचारा, जिने झाडणारीलाही विचारा. आणि विचारायचं ते लेकराला पट्टा बांधण्याआधी विचारा.