तिसऱ्या डोंगरावरची रेघ

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. कापडावर डकवलेला, घड्यांवर झिजून मऊ पडलेला. माझ्या अंगावर तीन डोंगर, दोन खिंडी, एक नदी आणि असंख्य बारीक तपकिरी रेषा आहेत. रेषा दाटीवाटीने उभ्या असतील तिथे दम काढणारा चढ, आणि ऐसपैस पसरल्या असतील तिथे सपाटी. एवढे कळले की मी कुणालाही वाचता येतो.

छापला गेलो मी छापखान्यात, पण मला घडवले ते पायांनी. मोजणी खात्यातला एक तरुण मोजणीदार खांद्यावर दुर्बीण आणि पाठीवर शिधा घेऊन सहा महिने त्या डोंगरांत फिरला. त्याने टिपलेल्या आकड्यांवरून माझी रेष न् रेष निघाली. काम पाहून साहेबांनी त्याची पाठ थोपटली आणि एक प्रत त्याला भेट दिली. ती प्रत म्हणजे मी.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. घरी कुणी आले की तो मला टेबलावर पसरून दाखवी. एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. दाखवताना त्याचा अंगठा नेमका तिसऱ्या डोंगरावरच्या एका तुटक रेघेवर टेकलेला असे. तुटक रेघ म्हणजे पायवाट. पुढे त्याचे लग्न झाले, मुले झाली, गुडघे कुरकुरू लागले, नोकरी संपली. मी पत्र्याच्या नळीत बंद होऊन कपाटावर जाऊन पडलो. वर्षानुवर्षे माझी कुणी विचारपूस केली नाही.

नळीचे झाकण उघडले ते त्याच्या मुलीने. ती शहरात बस चालवते. वय सेहेचाळीस. डेपोत हजर होण्याआधी रोज तासभर पळते. तिच्या मनाने घेतले होते की उजेड आहे तोवर, एकाच दिवसात, तिन्ही डोंगर पळून पार करायचे.

"डोंगर काय पळायची जागा आहे?" मोजणीदार म्हणाला.

"तुम्ही चाललात ना बाबा? मी जरा घाईत जाणार, एवढंच."

मित्रांनो, तिची तयारी मी जवळून पाहिली आहे, आणि तिचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. तिने शिवणाचा दोरा घेतला आणि माझ्यावरच्या वाटेवर वळणावळणाने बसवला. मग तो ताणून पट्टीने मोजला. चव्वेचाळीस किलोमीटर भरले. "दोऱ्यात सगळी वळणं मावत नाहीत. दहावा हिस्सा वाढव," मोजणीदार खुर्चीतूनच म्हणाला. झाले अठ्ठेचाळीस. तिने टाचणीच्या टोकाने चढाच्या रेषा मोजल्या, एकदा नव्हे, तीनदा. पाणी कुठे मिळेल तिथे निळी खूण केली. आणि शेवटी, बसवालीच ती, सगळ्या वाटेचे वेळापत्रक बनवले. पहिला माथा अमुक वाजता, नदी तमुक वाजता. दुसऱ्या खिंडीतून गाडीरस्ता जातो. तिथे तिचा धाकटा भाऊ गाडी लावून, पाणी आणि उकडलेले बटाटे घेऊन थांबणार होता.

"बस बंद पडली तर डेपोतून दुसरी येते. तुझं काय?" भावाने विचारले.

"माझ्यासाठी तू आहेस की."

हळूहळू मोजणीदाराची खुर्ची टेबलाला येऊन चिकटली. गुडघ्यांचे दुखणे विसरून तो दगड न् दगड सांगू लागला. पण एके दिवशी ती म्हणाली, "तिसरा डोंगर सोपाच दिसतोय. सरळ पायवाट आहे." तसा तो खुर्ची मागे ढकलून उठला. दोन दिवस त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती बुटांचे बंद बांधत होती. तो समोर येऊन बसला.

"ती वाट मी चाललेलो नाही," तो म्हणाला.

"कुठली?"

"तिसऱ्या डोंगरावरची. चार दिवस धुकं होतं. शिधा संपला होता. एका मेंढपाळाने लांबून हात केला, वाट तिकडून जाते म्हणाला. मी रेघ ओढली आणि खाली उतरलो."

तिने बंद अर्धवट सोडले. "किती वर्षं झाली?"

"पन्नास."

"कुणी त्या रेघेवरून गेलं असेल का हो?"

"पन्नास वर्षं हेच माझ्या डोक्यात आहे."

मला वाटले, आता ती चिडेल. तिने पाण्याचा पेला त्याच्यासमोर सरकवला. "रविवारी सुट्टी आहे," ती म्हणाली. "बघून येते."

रविवारी ती भावाला घेऊन गेली. मी तिच्या पिशवीत होतो. माझ्यावरची तुटक रेघ जिथे डौलात पुढे जाते, तिथे प्रत्यक्षात वाट संपली आणि पुढे सरळसोट कडा होता. भावाने खाली वाकून पाहिले आणि दोन पावले मागे सरला. मित्रांनो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. खरी वाट डावीकडून, डोंगराला वळसा घालून जात होती. तीन किलोमीटर जास्त, आणि वर आणखी एक चढ. तिने पायांनी ती चालून पाहिली आणि पेन्सिलीने माझ्यावर उतरवली.

वेळापत्रक पाऊण तासाने लांबले. सहा वाजता पोहोचायचे आणि सहा वीसला सूर्य मावळणार. मोजणीदाराने अट घातली. "खिंडीत सव्वा वाजता पोहोचलीस तर पुढे जा. एक मिनिट जरी उशीर झाला तरी गाडीत बस." ती म्हणाली, "बसेन." आणि ते तिने वेळापत्रकात लाल शाईने लिहिले.

ठरल्या दिवशी सकाळी सहाच्या ठोक्याला ती निघाली. पहिला डोंगर तिने लीलया घेतला. नदीपाशी पाणी चढले होते. पायी ओलांडता येईल असा वरच्या अंगाचा उतार शोधण्यात वीस मिनिटे गेली. दुसऱ्या चढावर तिच्या पोटऱ्या आखडल्या. खिंडीत भाऊ घड्याळ हातात धरून उभा होता. एक वाजून बारा मिनिटे. त्याने बटाटा पुढे केला. तिने तो चालता चालताच खाल्ला.

तिसऱ्या डोंगरावर ढग उतरले. दहा पावलांपलीकडचे दिसेना. तिने मला उघडले आणि बोट पेन्सिलीच्या रेघेवर ठेवले. जिथे जुनी रेघ सरळ जाते तिथे ती डावीकडे वळली. कडा तिला दिसलाही नाही.

सहा वाजून अकरा मिनिटांनी ती पायथ्याच्या पुलावर पोहोचली. मोजणीदार तिथे दुपारपासून बसून होता. त्याने तिचे दोन्ही हात धरले. मग तो म्हणाला, "वेळापत्रकापेक्षा अकरा मिनिटं उशिरा." ती हसत खाली बसली.

त्याच आठवड्यात त्याने मोजणी खात्याला पत्र लिहिले. "चूक माझी आहे," असे स्पष्ट लिहून खाली सही केली. सहा महिन्यांनी दुरुस्त नकाशा घरी आला. तो कोरा करकरीत आहे, आणि मला त्याचा हेवा वाटत नाही.

मित्रांनो, मला घडीवरच दुमडा, ओल्या हाताने धरू नका, पावसात उघडा टाकू नका. माझ्यावर विश्वास ठेवा, पण मला काढणारा माणूसच होता हे विसरू नका. आणि तुमच्या हातून कधी एखादी रेघ चुकली तर ती सांगायला उशीर करू नका. तिच्यावर पाऊल ठेवायला कुणीतरी घरातून निघालेले असते.