पाठीवरचं ओझं

मी बोलतोय, म्हणून दचकू नका. दचकायचं काम आजवर मीच केलंय. मी शेतात औषध मारायचा पाठीवरचा पंप. निळी प्लास्टिकची टाकी, दोन पट्टे, एक लांब नळी आणि टोकाला पितळी नोझल. दिसायला साधा, पण माझ्याइतकी भित्री वस्तू तुम्ही पाहिली नसेल.

सायखेड्याच्या एका दुकानात मी टांगलेलो होतो. तिथून बहिरूने मला आणलं. गावाबाहेर त्याची दोन एकर भाजी. काकडी, वांगी, टोमॅटो. बायको नवसाबाई त्याच्या बरोबरीने राबणारी. पहिल्या दिवशी तिने मला हळदकुंकू लावलं. मला वाटलं, आपल्या पोटात पाणी भरतील आणि आपण रोपांना पाजू.

मग बहिरूने एका बाटलीचं झाकण उघडलं. तो वास माझ्या टाकीत शिरला, तो आजतागायत गेलेला नाही. बाटलीवर लाल खूण होती. बहिरूने काडीने ढवळलं, तोंडाला टॉवेल बांधला आणि मला पाठीवर घेतलं. त्याच्या पाठीची ऊब मला लागली. त्या क्षणापासून मला एकच भीती. मी गळलो तर?

घराच्या मागे नवसाबाईचे चार-पाच वाफे होते. मेथी, थोडी वांगी, काकडीचा एक वेल. तिकडे मला कधी नेत नसत. "तिकडं पंप नको हां, ती घरची भाजी हाय," नवसाबाई बजावायची. मला वाटायचं, बरं झालं, तेवढंच ओझं कमी. त्या बोलण्याचा खरा अर्थ माझ्या ध्यानात यायला दोन वर्षं लागली.

आणि मी गळलोच. मार्च महिना होता, दुपारचं ऊन. माझ्या झाकणाचं वॉशर झिजलं होतं. बहिरू वाकला की एकेक थेंब त्याच्या पाठीवर पडायचा. सदरा ओला झाला, तर त्याला वाटलं घाम आहे. मी ओरडून सांगणार तरी कसा? तिसऱ्या टाकीला त्याचे पाय वाकडेतिकडे पडू लागले. तोंडातून लाळ गळली. मग तो सरीत पालथा पडला. मी अजून त्याच्या पाठीवरच होतो, आणि झाकणातून आता धार लागली होती.

नवसाबाई धावत आली. तिने पट्टे दाताने ओढून सोडवले, मला लांब फेकलं, सदरा फाडला आणि पाटाच्या पाण्याने त्याला धुवून काढलं. लोक जमले, जीप आली. मी तिथेच चिखलात पडून होतो. माणूस जगला की गेला, हे मला चार दिवस कळलं नाही. अशी भीती कुणाच्या वाट्याला येऊ नये.

बहिरू परत आला, वाळलेला. नवसाबाई म्हणाली, "आता बास झालं. पंप नको नि ते औषध नको."

"वॉशर बदललं की झालं," बहिरू म्हणाला. "एवढ्याशा गोष्टीसाठी शेती सोडू का?"

काकडी तोडणीला आली होती आणि तिच्यावर तुडतुडे पडले होते. वॉशरला चिंधी गुंडाळून, पाठीला प्लास्टिकचा कागद बांधून त्याने पुन्हा मला उचललं. सबंध वेळ मी आतून आवळून राहिलो.

दोन दिवसांनी बुधवार होता. नाशिकला गोदाकाठच्या बाजारात काकडी न्यायची होती, आणि तिथल्या दुरुस्तीवाल्याकडे मलाही. टेम्पोत काकडीच्या क्रेटशेजारीच मला ठेवलं. बाजारात नवसाबाई खाली माल मांडून बसली. मी टेम्पोच्या फळीवरून बघत होतो.

कौसर नावाची एक बाई तिची जुनी गिऱ्हाईक. त्या दिवशी तिच्यासोबत नात होती, अरफा, असेल चार वर्षांची. कौसरने एक कोवळी काकडी उचलली, ओढणीला पुसली आणि अरफाच्या हातात दिली. पोरीने तोंड उघडलं.

नवसाबाईने झेप घेऊन ती काकडी हिसकावली. पोर भेदरून रडायला लागली.

"अगं नवसाबाई, काय झालं? एक काकडी घेतली तर?" कौसर चिडली. "बच्ची आहे ती!"

"तसं नाय, आपा. नका देऊ तिला." नवसाबाईने काकडी पाठीमागे लपवली. "परवाच औषध मारलंय."

कौसरने तिच्याकडे नीट बघितलं. "मग इतकी वर्षं आम्ही काय खात होतो? आणि तुझ्या घरी तू काय खातेस?"

नवसाबाई मांडलेल्या काकड्या पुन्हा क्रेटमध्ये भरू लागली. उत्तर मला माहीत होतं. ते घराच्या मागच्या वाफ्यांत होतं.

सगळा माल तसाच परत आला, आणि दुरुस्तीवाल्याकडे न जाता मीही. घरी येताना बहिरू भडकला, "भर बाजारात सांगायची काय गरज होती? आता कोण येईल आपल्याकडं?"

नवसाबाई म्हणाली, "जे मी माझ्या ताटात घेणार नाय, ते मी दुसऱ्याला विकणार नाय. लय झालं. थोडं पिकवू, थोडं विकू. तुमी म्हणता तो मजला घरावर नाय चढला तर काय बिघडतंय? दोन खोल्यांत आपण मावतोच की."

घरी पोचल्यावर मला गोठ्यातल्या खिळ्याला टांगलं गेलं. एका एकरात त्यांनी ज्वारी पेरली, अर्ध्या एकरात वांगी, बाकीचं रान पडीक ठेवलं. शेजारच्या मल्हारीने येऊन खूप सांगितलं, "येडेपणा हाय ह्यो." मी सुटलो असं वाटायचं, आणि पुन्हा धास्ती वाटायची.

वांग्याला अळी लागली. शेंडे माना टाकू लागले. एका सकाळी बहिरू गोठ्यात आला. कडब्याच्या मागून त्याने एक बाटली काढली. ती उघडण्याआधी त्याने माझ्या झाकणातली चिंधी तीनदा आवळून पाहिली. तोही माझ्यासारखाच घाबरलाय, हे मला तेव्हा प्रथम उमगलं. त्याने मला भरलं. सात महिन्यांनी तो वास पुन्हा पोटात गेला. मी बंद पडावं म्हणून जीव एकवटला, पण यंत्राला असं बंद पडता येत नाही.

वांग्यात नवसाबाई आधीच वाकलेली होती. किडलेले शेंडे खुडून बादलीत टाकत होती. तिने वर पाहिलं. ओरडली नाही. सरीत त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"सगळा प्लॉट जाईल, नवसा," तो म्हणाला.

"तुमी पडला होता ना, तवा मी तुमचं डोकं मांडीवर घेतलं होतं," ती म्हणाली. "तुमी माझ्याकडं बघून इचारलं, बाई, तुमी कोण? तुमाला आजवर सांगितलं नाय. पुन्हा नाय ऐकवणार मला ते."

बहिरूने एक पट्टा सोडला, नंतर दुसरा. विहिरीपासून लांब, पडीक रानात खोल खड्डा घेऊन त्याने मला रिकामं केलं. तीनदा धुतलं, ते पाणीही त्याच खड्ड्यात ओतलं. मग तोही बादली घेऊन शेंडे खुडायला बसला.

निम्मी वांगी गेली. उरलेली त्यांनी विकली. कौसर बरेच महिने फिरकली नाही. एका बुधवारी आली, असं नवसाबाई ओट्यावर बसून सांगत होती. "औषध कधी मारलं?" एवढंच तिने विचारलं. "मारलंच नाय, आपा." कौसरने प्रत्येक वांगं उलटून पाहिलं आणि पावशेर घेतलं. पुढच्या बुधवारी अर्धा किलो.

आता ती दोघं निंबोळीचा अर्क मारतात, नव्या पंपाने. मला वापरत नाहीत, तेच बरं. कितीही धुतलं तरी माझ्या अंगात तो वास आहे.

पण गेल्या आठवड्यात एक भंगारवाला आला. दोघं रानात होती. त्याने मला खिळ्यावरून काढलं, बोटाने टाकी वाजवली आणि स्वतःशीच म्हणाला, "टाकी चांगली हाय की. कुणीबी पाणी भरून ठेवील." शुक्रवारी पुन्हा येतो, असं शेजारच्या मल्हारीला सांगून गेला. तेव्हापासून मला चैन नाही. कुठल्या तरी घरात मी ओट्यावर बसेन, कुणी तरी पोर माझ्यातून पेला भरेल, आणि मला तेव्हाही ओरडता येणार नाही.

नवसाबाई, शुक्रवारच्या आत एवढं कर. दाभण चुलीत लाल होऊ दे आणि माझ्या तळाला भोक पाड. एक नको, चांगली पाच-सहा पाड. थेंबभर पाणीही माझ्यात ठरता कामा नये.