तिसरा अडॅप्टर येईपर्यंत

मित्रांनो, आधी माझी तक्रार ऐका. या घरातला थोरला मुलगा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "आईबाबांचा फोटो काढायचा होता हो, पण बाबांची लेन्स जुनी. नव्या कॅमेऱ्यावर बसेना. राहूनच गेलं." नाचता येईना अंगण वाकडं, ते हेच. माझ्या तोंडावर माझी निंदा करायची आणि मी शेल्फवर गप्प बसायचं, हे किती दिवस चालायचं? आज बोलते.

मी एक जुनी लेन्स आहे. अंग धातूचं, पोटात भिंगं, आणि फिरवायचं कडं असं मऊ की तान्ह्या बाळानंही फिरवावं. शाळेत मी गेले ती वर्गांचे फोटो काढायला. शिकले काहीच नाही. पण माणूस हसतोय की नुसते दात दाखवतोय, ते मला कळतं.

मालकांचा फोटो स्टुडिओ होता. अरुंद खोली, मागे निळा पडदा, पुढे एक स्टूल. नोकरीच्या अर्जाचे फोटो, नवी जोडपी, रडकी पोरं, सगळी माझ्यासमोर बसून गेली. "हनुवटी खाली, ताई. श्वास घ्या. आता सोडा," मालक म्हणत, आणि श्वास सुटला की बटण दाबत. संध्याकाळी मऊ फडक्यानं मला पुसत. मालकीणबाई म्हणत, "माझ्या चष्म्यावर कधी अशी फुंकर मारलीत का? सवत मेली!" खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं.

मग फोनात कॅमेरे आले. स्टुडिओला कुलूप लागलं आणि मी डब्यात गेले. काचेच्या कडेला बुरशी धरली, पण मधली नजर शाबूत राहिली.

पुढे मालक अंथरुणाला खिळले. एकदा थोरल्याला जवळ बोलावून म्हणाले, "जन्मभर लोकांच्या जोड्या बसवल्या रे. माझा आणि हिचा एकत्र असा एक धड फोटो नाही. काढ एवढा."

"तुमच्याच लेन्सनं काढतो, बाबा," हा म्हणाला. माझा ऊर भरून आला. आणि तिथेच घोडं अडलं.

थोरल्याचा कॅमेरा नव्या तऱ्हेचा, बिनआरशाचा, मुठीत मावणारा. माझं बूड त्यावर बसेना. मध्ये एक जोडकडं लागतं, त्याला अडॅप्टर म्हणतात. पहिला मागवला तो सैल. हलत्या दातासारखी मी त्यात डुगडुगले. दुसरा घट्ट बसला, तर कॅमेरा म्हणतो, 'लेन्स लावलेली नाही'! कालचं कार्टं, आणि मला ओळख दाखवत नाही! त्याला गप्प करायची सेटिंग असते. ती सापडेपर्यंत मालकांना झोप लागली.

दुसऱ्या दिवशी नवीनच कळलं. या कॅमेऱ्यातली चित्र उमटवणारी पाटी लहान. मी ताटभर वाढते, तो मधला घास तेवढा खातो. थोरला भिंतीला पाठ लावून उभा राहिला, तरी मालक आले की मालकीणबाई कापल्या जात, आणि त्या आल्या की मालक.

धाकटी बहीण दारात पेला घेऊन उभी होती. "दादा, फोनवर काढ ना. मावतील दोघं."

"बाबांचा फोटो आणि फोनवर? शोभतं का?"

"त्यांना बसवत नाहीये रे."

"अजून एक अडॅप्टर मिळतो. त्यातच भिंग असतं, दृश्य रुंद होतं. आठवड्यात येईल."

मालकांनी उशीवरून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "येऊ दे, येऊ दे. घाई नाही." मालकीणबाई फोटोसाठी घातलेले ठेवणीतले कपडे बदलायला आत गेल्या.

तो आठवडा थोरल्यानं खोलीबाहेर बसून काढला. कुठलं भिंग कडेला धूसर, कुठला अडॅप्टर टिकाऊ, लोकांची मतं वाचत राहिला. चाचणी म्हणून दारातूनच माझ्यातून शेकडो फोटो काढले. औषधाच्या बाटल्या, खिडकीचे गज, पंखा. एका फोटोत बाटल्यांच्या मागे मालकांचा हात आहे, पुसट. आत खोकल्याची उबळ आली की हा माझं कडं जोरानं फिरवी. त्याच्या बोटांचा घाम माझ्या अंगाला लागे.

मालक गेले. पार्सल त्यानंतर आलं. वरातीमागून घोडं.

काल त्यानं तो तिसरा बसवला. चोख बसला, खरं ते खरं. आईला पलंगावर बसवून हा भिंतीशी गेला. अख्खा पलंग मावला. मालकीणबाई सवयीनं एका कडेला बसल्या होत्या.

"आई, मध्ये सरक," धाकटी म्हणाली.

"नको गं. इथंच बरी आहे."

थोरल्यानं बटण दाबलं नाही. "बुरशी आहे हिच्यात, धूसर दिसतंय," म्हणाला. धूसर मी नव्हते.

मित्रांनो, जुनी वस्तू कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून पुसा, एवढं तर कराच. पण तिच्या आड लपू नका. वस्तूला पुढे करून माणसाला टाळू नका.

आणि थोरल्या, तू इकडे बघ. तुझी आई बोलणार नाही, पोटचा आहेस तू. मी बोलते. फोटो फोनवर निघाला असता. दोघांचे वेगवेगळे निघाले असते. माझ्यामुळे काही अडलं नव्हतं. बाप मरताना दिसेल म्हणून तू बाटल्यांचे फोटो काढत बसलास, आणि आठवडाभर उंबऱ्याच्या आत पाय टाकला नाहीस. भित्रा आहेस तू. मला खाली ठेव आणि जा, आईजवळ बस.