खिळे मारलेलं छप्पर

"आजी, खाली उतरा. पडाल."

"पडले तर नवऱ्याच्या छपरावरून पडेन. तुझं काय जातंय?" मी म्हणाले आणि चौथा खिळा उपटला.

खाली तुआन उभा होता, या हॉटेलाचा मालक. शहरातला माणूस. आम्हा डोंगरातल्या हमोंग लोकांचं जुनं, लाकडी फळ्यांचं छप्पर घातलं की पाहुणे फोटो काढायला येतात, हे त्याला कुणीतरी शिकवलेलं. म्हणून माझं छप्पर त्याने माझ्या पोराकडून उचललं. मी दोन दिवस वरच्या मक्याच्या शेतातल्या खोपटात होते. परतले तर घरावर निळा पत्रा आणि दारात लाल मोटरसायकल. लेन, माझा चाळिशीला टेकलेला घोडा, तिला फडक्याने पुसत होता.

"आई, पत्र्याला काही करावं लागत नाही," तो म्हणाला. "फळ्या दर तीन वर्षांनी उलटायच्या, कोण करणार?"

"तुझा बाप करायचा. तो गेल्यावर मी केलं. तुझे हात झडलेत का?"

त्यानंतर दोन महिने मी त्याच्याशी बोलले नाही. वाफवलेला मका त्याच्यापुढे आदळायचे, तेवढंच.

मग एके दिवशी तोच मान खाली घालून आला. म्हणाला, हॉटेलाचं छप्पर गळतंय. पाहुण्यांच्या ताटात पाणी पडलं. तुआन म्हणतो, तुझ्या बापाचं काम कच्चं होतं.

माझं डोकंच फिरलं. माझ्या नवऱ्याचं, चूचं काम कच्चं? लग्नाच्या वर्षी आम्ही दोघं पार वर, ढगातल्या रानात गेलो होतो, पोमूचं झाड पाडायला. बाराही महिने हिरवं असणारं झाड, त्याच्या लाकडाला कीड लागत नाही. चूने त्याला करवत लावली नाही. करवतीने लाकडाच्या शिरा कापल्या जातात आणि पाणी आत मुरतं. त्याने कुऱ्हाडीने एकेक फळी शिरेवर फोडली, म्हणजे पाणी शिरेशिरेने खाली पळतं. त्या फळ्या मी पाठीवरच्या टोपलीतून आणल्या, अख्खा हिवाळा. हा लेन तेव्हा पोटात होता. आता त्या झाडाला हात लावला तर तुरुंग, आणि हात लावण्याजोगं मोठं झाड उरलंय कुठे?

आणि इथे वर चढून बघते तर फळीफळीला दोन-दोन खिळे. कित्येक फळ्या तडकलेल्या. टोकं एका ओळीत दिसावीत म्हणून करवतीने छाटलेली. एकीवर दुसरी चढायला जागाच ठेवली नव्हती. मला रडू आलं नाही, संताप आला.

"खिळे नसले तर वारा उडवून नेईल ना," तुआन खालून म्हणाला.

"अडतीस वर्षांत उडवलं नाही. वर आडवा बांबू आणि दगड ठेवायचे असतात. दगड आण."

"सुतार चांगला होता हो. शहरातला."

"मग त्यालाच बोलव. आणि माझ्या नवऱ्याचं नाव पुन्हा तोंडात घेऊ नकोस."

तो दगड आणायला गेला. अंगणातल्या फोटोच्या कमानीवरच्या फळ्याही मी काढायला लावल्या, छाटलेल्यांची कसर भरून काढायला. तीन दिवस लागले. लेन खालून फळ्या देत होता. एकदा म्हणाला, "आई, ही उलटी आहे ना?" बरोबर होतं त्याचं. मी फळी फिरवली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाऊस धो-धो कोसळला. मी आत जाऊन मधल्या खुर्चीवर बसले आणि वर बघत राहिले. एक थेंब नाही. ओल्या पोमूचा वास खाली उतरला, माझ्या घरातला वास.

"आता नाही गळत," तुआन म्हणाला.

"माझ्या घरावर होतं तेव्हाही गळत नव्हतं."

इतक्यात वाढणारी मुलगी आली. "आजी, जरा उठता? हे टेबल पाहुण्यांचं आहे."

मी उठले. उपटलेले खिळे ओच्यात होते, ते सगळे तुआनच्या टेबलावर ओतले आणि बाहेर पडले.

लेन मोटरसायकल घेऊन उभा होता. "बस आई, भिजशील."

मी चढणीला लागले. मागे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. वळणावर मान वळवून पाहिलं. लेन ती लाल गाडी पावसात हाताने ढकलत माझ्यामागून येत होता.