पाण्याखालची विहीर

लीलाधरने चाळणी शेवटची एकदा हातावर आपटली आणि तळाशी उतरलेली सरकीची टरफलं तराजूच्या पितळी ताटलीत ओतली. काटा स्थिर व्हायला वेळ घेत होता. तेवढ्यात रतिलालशेठ दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात तारेचा कागद होता.

"राहू द्या, लीलाधरभाऊ. आता मोजून उपयोग नाही."

लीलाधरने मान हलवली, पण काटा थांबेपर्यंत नजर हलवली नाही. वजन वहीत लिहिले, शेजारी ओलाव्याचा आकडा लिहिला, तारीख घातली. मग हात पुसून त्याने कागद घेतला. मजकूर दोन ओळींचा होता. विहीर सोडून दिली आहे. माल पाठवू नये, वाटेत असलेला माल परत बोलवावा.

"तेल लागलं नाही?" शेठनी विचारले.

"तसं लिहिलेलं नाही. सोडली, एवढंच लिहिलंय."

"म्हणजे तेच ना?"

"बहुतेक," लीलाधर म्हणाला.

धरणगावच्या या मिलमध्ये सरकीचे तेल निघत असे. तेल काढण्याआधी सरकी फोडून तिची टरफलं वेगळी केली जात, आणि ती गावातल्या म्हशींच्या गव्हाणीत जात. शेठ त्यांची किंमत जवळजवळ लावतच नसत. अंगण मोकळे होई, हाच त्यांच्या लेखी मोबदला होता. सत्त्याऐंशी साली मुंबईहून एक पुरवठादार आला. समुद्रात, जिथे पाण्याचीच खोली सहाशे मीटर होती, तिथे एक जहाज तेलासाठी विहीर खोदत होते. खोदताना विहिरीत सतत गाळ सोडावा लागतो. तो गाळ तळच्या खडकाच्या भेगांत निघून जात होता. भेगा बुजवायला गाळात काहीतरी चिवट, तंतू असलेले आणि स्वस्त मिसळावे लागते. सरकीच्या टरफलांत हे तिन्ही गुण होते.

मिलच्या रसायनतज्ज्ञाचे काम त्या दिवसापासून बदलले. पूर्वी लीलाधर तेलाचा आम्लांश काढत असे. आता तो टरफलांचा आकार आणि ओलावा मोजू लागला. त्यातून त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली होती, आणि ती त्याने कोणाला समजावून सांगण्याचा प्रयत्न दोनदा करून सोडून दिला होता. विहीर नीट खोदली जात असेल, तर टरफलं लागणार नाहीत. ती बिघडत असेल, तरच लागतील. पलीकडचा खडक जितका भेगाळ, तितके धरणगाव सुखी.

आणि धरणगाव दोन वर्षे सुखी होते. मिलच्या आवारात चाळीस बाया टरफलं चाळत. वेचणीच्या दिवसांत शेतकऱ्यांना बाया मिळेनाशा झाल्या; कापूस बोंडातून लोंबून जमिनीला टेकू लागला. टरफलं मुंबईला जाऊ लागली, तशी म्हशींच्या वैरणीत भर घालायला पेंड घ्यावी लागली, आणि पेंड महागली. स्टँडसमोरच्या दोन्ही हॉटेलांत चहा पावडरीच्या दुधाचा होऊ लागला. म्हशी पाळणाऱ्यांनी म्हशी विकल्या आणि त्याच घरांतल्या बाया चाळायला आल्या. तक्रार कोणी केली नाही. दुधाचा धंदा पहाटे चारला उठवतो. चाळणीचा भोंगा आठला होत असे.

"भागाबाईला यंत्र द्यायचं ठरलंय," शेठ म्हणाले.

लीलाधरने वर पाहिले.

भागाबाई चाळणाऱ्या बायांची मुकादम होती. लीलाधर तिच्याच अंगणातल्या खोलीत दोन वर्षे भाड्याने राहत होता. शेठकडे विजेवर चालणारी एक मोठी चाळणी होती. ती विकत घेऊन चाळणीचा सगळा ठेका आपण घ्यावा, असे तिच्या मनात दिवाळीपासून होते. त्यासाठी ती आपल्या चारही म्हशी विकणार होती.

"तुम्ही तर नाही म्हटलं होतं तिला."

"म्हटलं होतं. काल हो म्हटलं."

"तार आज आली."

"तार आज आली," शेठ शांतपणे म्हणाले. "पण फोनवर मुंबईवाल्याच्या आवाजावरून मला परवाच कळलं. भाऊ, मी तिच्या मागे लागलो नाही. ती तीन महिने माझ्या मागे आहे. उद्या सकाळी शिंदखेड्याचा भिकन म्हशी न्यायला येतोय. तुम्ही मध्ये पडू नका. तिचा संसार आहे, तिला कळतं."

"तिला तारेतलं कळत नाही."

"मग तुम्ही तरी कुठे खात्रीनं सांगताय? आत्ताच म्हणालात, बहुतेक."

तार मात्र त्यांनी परत मागितली नाही. लीलाधरने ती घडी करून वहीत ठेवली.

आदल्याच दिवशी संध्याकाळी धार काढता काढता भागाबाईने त्याला विचारले होते, ती विहीर अजून किती दिवस टरफलं खाईल. त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले होते, सांगता येत नाही. उपलब्ध माहितीवर दुसरे उत्तर देणे शक्य नव्हते. आता माहिती बदलली होती, पण पूर्ण नव्हती. ही विहीर सोडून त्याच जहाजाने शेजारी दुसरी सुरू केली, तर? अशा वेळी तिला थांबवणे म्हणजे तिचे नुकसान करणे. खोलीवर पोहोचल्यावर तो तिला काही बोलला नाही. सकाळी पोस्ट उघडल्याबरोबर त्याने मुंबईचा ट्रंक कॉल लावला आणि बाकावर बसून राहिला. कॉल लागायला एक तास वीस मिनिटे गेली. पलीकडच्या माणसाने दोनच वाक्यांत सांगितले: जहाजाचा करार संपला, ते परवाच पश्चिम किनारा सोडून गेले. इकडे पुन्हा येणार नाही.

लीलाधर पोस्टातून निघाला तो जवळजवळ पळतच.

अंगणात भिकन येऊन बसला होता. सोबत दोन माणसे, हातात काठ्या आणि नवी दावी. चारपैकी दोन म्हशी सोडून झाल्या होत्या. तिसरी पाय रोवून उभी होती आणि भागाबाई तिच्या मानेवर हात फिरवत तिच्याशी बोलत होती.

"चाल माय, चाल. आठे काय शे आते तुले? फोतरं मुंबईले जातस, तू शिंदखेड्याले जाय."

भिकन हसला. "अक्का, म्हैस माले देस, ग्यान बी तिलेच देस. माले काही तरी दे."

"तुले तोंड देयेल शे देवनी. ते पुरस."

"अक्का," लीलाधर म्हणाला. त्याला दम लागला होता. "म्हशी देऊ नका. समुद्रातली विहीर बंद झाली."

हात थांबला नाही. "कोन सांगे?"

"तार आली आहे. मी आत्ता मुंबईला फोन करून खात्री केली. जहाज निघून गेलं. आता चाळायला काही येणार नाही. ते यंत्र भंगार आहे."

भागाबाईने म्हशीवरून हात काढला आणि लुगड्याला पुसला. तिच्या चेहऱ्यावर घबराट नव्हती. बाजारात कोणी फार कमी भाव सांगितला, तर येते तसे थोडे कौतुक होते.

"दखाड."

त्याने तार पुढे केली. तिने ती उलटीसुलटी करून पाहिली, भिकनला दिली. भिकनने पाहून परत तिला दिली.

"इंग्रजी शे," भिकन म्हणाला.

"हां. म्हंजे वाचनारा बी तूच, सांगनारा बी तूच." ती लीलाधरकडे वळली. "आनि फोनवर कोन बोलना, ते बी तूच ऐकं. नही का?"

"अक्का, मी खोटं कशाला बोलू?"

"परवा तुले इचारं. तू काय सांगं? सांगता येत नही. आज मी म्हशी सोड्या, तं आते सांगता येस." आवाज चढला नव्हता. "भाऊ, तुनं वाईट नही मानत मी. शेठनं मन फिरनं व्हई. यंत्र त्याले ठेवनं व्हई. तू त्याना नोकर शे. त्यानी धाडं, तू उना."

"शेठनी मला बोलू नको म्हणून सांगितलंय."

"मंग बोलस कसा?"

याला उत्तर होते, पण ते तिला पटण्याजोगे नव्हते. त्याने दुसरीकडून सुरुवात केली. दोन वर्षे विहीर गळत होती, प्रत्येक दिवसाचा खर्च किती होता, गळती थांबेना म्हणून अखेर मालकांनी हिशेब करून ती सोडली. तेल मिळण्याची शक्यता आठात एक असते. सात विहिरी सोडाव्याच लागतात. हे सगळे त्याने क्रमाने, सोप्या शब्दांत सांगितले. भिकनची माणसेही ऐकत राहिली.

भागाबाईने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"मना मालकनी विहीर खंदी," ती म्हणाली. "एकेचाळीस हात. नुसता काया दगड. गावनी सांगं, सोडी दे. सोडी का? जितला खर्च व्हयना, तितला जास्त खंदे. मरापावत खंदी. अर्धी विहीर कोनी सोडस नही, भाऊ. मानूस शेत सोडी, बायको सोडी, अर्धी विहीर नही. आनि त्यास्नी तं समुद्रमा घालं शे बठ्ठं. त्या सोडतीन?"

"ते शेतकरी नाहीत, अक्का. ते कागदावर आकडा बघतात आणि सोडतात."

"असं मानूस ऱ्हास नही."

तिने हे अगदी सहजपणे सांगितले. तिसरी म्हैस आता हलली होती. भिकनच्या माणसाने तिच्या मागून हलकेच काठी लावली.

"थांब रे," भागाबाई म्हणाली. माणूस थांबला. ती लीलाधरकडे बघत राहिली. मग घरात गेली आणि देवघरातली पितळी कोयरी घेऊन आली. कोयरीत खंडेरावाचा भंडार होता, देवाला वाहिलेली हळद. वर बेलाचे वाळके पान.

"उचल," ती म्हणाली. "भंडार उचलीसन सांग, विहीर बंद व्हयनी. मी म्हशी बांधस. यंत्र ऱ्हायनं शेठनं."

भिकनने तोंडातली तंबाखू गालाकडे सारली.

लीलाधरने हात पुढे केला नाही. "अक्का, शपथेनं गोष्ट खरी होत नाही. ती खरी असते किंवा नसते. मी पुरावा आणला आहे."

"पुरावा इंग्रजी शे. हाऊ मराठी शे. उचल."

कोयरी तिच्या तळहातावर स्थिर होती. लीलाधरने तिच्याकडे पाहिले, मग सोडलेल्या दोन म्हशींकडे. त्या कुंपणाबाहेर उभ्या राहून आत पाहत होत्या. त्याने चपला काढल्या. त्या का काढल्या, हे त्याला सांगता आले नसते. कोयरीत बोटे घालून त्याने चिमूटभर नव्हे, मूठभर भंडार उचलला.

"खंडेरावाची शपथ," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःला परका वाटला. "विहीर बंद झाली. माल जाणार नाही. मी सांगतो ते खरं आहे."

भागाबाईने त्याच्या मुठीकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग कोयरी खाली घेतली.

"मागल्या साली ईठ्ठलना मोटारपंप चोरीले गया," ती म्हणाली. "बठ्ठा गाव चावडीवर उना. पोरेसोरे, म्हातारा, बठ्ठास्नी भंडार उचला. तू एकला उभा ऱ्हायना. काय सांगं तू? ही हयद शे. हयदले काय समजस, कोन चोर. मी तठेच व्हती. माले तवय बरं वाटनं व्हतं, खरं सांगस. म्हनं, हाऊ मानूस खोटं बोलाव नही."

"मी आजही..."

"आज उचला तू." तिच्या बोलण्यात राग नव्हता, असलीच तर थोडी निराशा होती. "ज्याले भ्याव नही, त्यानी शपथ काय कामनी, भाऊ? तुनाकरता ती हयदच शे. हयद उचलाले काय लागस?"

तिने भिकनला मानेने खूण केली. तिसरी म्हैस बाहेर गेली. चौथीने वेळ लावला नाही. पुढच्या तिघी दिसत होत्या, तेवढे तिला पुरेसे होते. त्यांच्या मागून भिकन निघाला आणि जाता जाता लीलाधरच्या खांद्यावर हात ठेवून पुढे झाला.

रिकाम्या गोठ्यात शेण ताजे होते. भागाबाईने सवयीने फावडे घेतले, दोनदा ओढले, आणि ते भिंतीला लावून ठेवले. मिलच्या आठच्या भोंग्याची वेळ केव्हाच होऊन गेली होती. आज तो झाला नव्हता, हे तिच्या लक्षात आले नसावे.

"बस," ती म्हणाली. "चहा ठेवस. सकायनं दूध शे. उद्यापाईन काया पेवा लागी."

लीलाधर ओट्याच्या कडेवर बसला. उजव्या मुठीतला भंडार परत कोयरीत टाकता येईल का, याचा त्याने विचार केला. तसे कोणी करताना त्याने पाहिले नव्हते. जमिनीवर टाकणे तिला बरे दिसले नसते. कपाळाला लावणे त्याला जमले नसते.

ती चहा घेऊन आली, तेव्हा त्याने कप डाव्या हाताने घेतला.