डाळिंबी फिल्मखालची चीर

“आधी नक्कल काढ, मग सुरी उचल. मूळ चित्र कपाटात!”

मित्रांनो, उस्ता, म्हणजे उस्ताद, फिक्रींचा हा आवाज चाळीस वर्षं माझ्या लाकडात मुरला आहे. मी अलेक्झांड्रियातल्या त्यांच्या छापखान्यातलं एक जुनं उजेडाचं टेबल आहे. वर दुधी काच, पोटात दिवे. डब्यांवर छापायची चित्रं माझ्यावर उजळत आणि त्यांच्या नकलेवर प्रत्येक शाईसाठी वेगळी पारदर्शक फिल्म ठेवून कापली जाई. डाळिंबीची एक, हिरवीची एक, सोनेरीची एक. कोपऱ्यांतल्या फुल्या एकमेकींवर नीट बसल्या की छपाईत रंग सरकत नसे. गिऱ्हाइकं माझ्या काचेवरून कौतुकाने हात फिरवत. पुढे संगणक आला आणि माझ्यावर चहाचे पेले राहू लागले.

यंदा रमजानात बहीगा खाला आल्या. त्यांची भट्टी आहे. ईदच्या कहक बिस्किटांच्या डब्यावर त्यांना आईने रंगवलेलं चित्र हवं होतं, तेही जुन्या पद्धतीने, तीन शायांत. डोक्यावर परात घेऊन भट्टीकडे निघालेली बाई आणि तिचा झगा धरून चाललेली छोटी बहीगा. आईच्या हातचं एवढंच उरलं होतं.

“जपून हं पोरी, याला जोड नाही,” त्या उस्तांच्या नातीला, समीहाला म्हणाल्या.

ईद आठ दिवसांवर आली. उपासाने उस्तांचे हात थरथरत होते.

“नक्कल करत बसलीस तर ईद उलटून जाईल. तुझा हात हलका आहे. टाक फिल्म चित्रावरच!”

ज्यांनी नेम घालून दिला, तेच बोलले. फिल्मचा फक्त वरचा पापुद्रा कापायचा असतो. झग्याच्या वळणावर समीहाची सुरी जरा जास्त दाबली गेली.

समीहाने फिल्म उचलली. छोट्या बहीगाच्या हातावर पेराएवढी चीर होती आणि तिच्यातून माझाच उजेड वर येत होता. मला माझे दिवे नकोसे झाले.

“विझव ते आधी!” उस्ता म्हणाले. मग आवाज उतरला. “मागून पातळ पट्टी लावू. चौकटीत बसवून दिलं की कुणाच्या बापाला कळणार नाही.”

“मला कळेल ना, आजोबा.”

तेवढ्यात खालांचा फोन आला. “काय गं, कुठवर आलं काम? परात भट्टीतून उतरली की करपली?”

समीहा हसली नाही. “खाला, चित्र घेऊन मी आज येते. रोजा सोडायच्या आधी. आल्यावर सगळं सांगते.”

“ये की! मसूरचं सूप केलंय. आजोबांना म्हणावं, तुम्हाला नाही मिळायचं.”

उस्ता खाली बघत म्हणाले, “मीच सांगितलं होतं गं तुला.”

“सुरी माझ्या हातात होती.”

मित्रांनो, छापलेला डबा बिघडला तर दुसरा छापता येतो. हाताने काढलेलं चित्र मात्र एकदाच जन्माला येतं. घाई असेल त्या दिवशीच नेम जास्त सांभाळा. निवांत दिवशी तो कुणीही पाळतो.

समीहाने चित्र मऊ कागदात ठेवलं, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधलं. पट्टी लावली नाही. “बिस्मिल्ला” पुटपुटत तिने दार हळूच ओढून घेतलं आणि ती ट्रामच्या रस्त्याला लागली.