फुंकर मारलेली पुडी

मैदानावर तोबा गर्दी होती. फुंकरबाबा एकेक पुडी उघडत, पांढऱ्या भुकटीवर फुंकर मारत, आणि धावणाऱ्या मुली ती जिभेवर ठेवून वाऱ्यासारख्या सुटत. तीन महिन्यांत एकेकीची वेळ अशी खाली आली होती की पालक हात जोडूनच उभे!

"विज्ञान थकतं तिथून आमचा श्वास सुरू होतो!" बाबा गरजले. चार पायऱ्या चढले तरी त्यांच्या त्या श्वासाला धाप लागायची, पण बोलणार कोण? प्रशिक्षक सरांनी तर तोंडात मिठाची गुळणीच धरली होती. सर्वांत जास्त वेळ त्यांच्याच लेकीने कमी केली होती आणि निवडीची शर्यत पंधरा दिवसांवर आली होती.

क्लबात एक वही असे. सर्दीची गोळी घेतली तरी त्यात नोंद करायची, हा सरांचाच दंडक. पुडी मात्र कुणीच नोंदवली नाही. "फुंकर म्हणजे काय औषध आहे?" असं सगळे म्हणाले, आणि सरांनीही मान डोलावली.

मग लेकीचा आवाज घोगरा झाला. हनुवटीवर राठ केस आले. पाळी थांबली.

"काय घेतेस गं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"काही नाही. पुडी फक्त."

बाईंनी सरांना दोन गोष्टी करायला सांगितल्या. एक पुडी फुंकर मारण्याआधीच बाजूला काढायची. दुसरीत घरची दळलेली साखर भरायची आणि बाबांसमोर धरायची. सरांनी तसंच केलं आणि दोन्ही पुड्या तपासायला पाठवल्या. साखरेवर फुंकर मारून बाबा डोळे मिटून म्हणाले, "आहाहा! आज काय तेज उतरलंय!"

प्रयोगशाळेने सांगितलं, तेज उतरलेली साखर साखरच आहे. फुंकर न लागलेल्या पुडीत मात्र पुरुषी हार्मोनच्या गोळ्यांची पूड आहे. खेळाडूंना सक्त मनाई असलेली.

सरांना राग यायला हवा होता. आला नाही. आत सगळं बधिर झालं होतं. तसेच ते मैदानावर गेले आणि त्यांनी प्रयोगशाळेचा कागद सर्वांसमोर वाचला.

"श्रद्धा डळमळली की असंच होतं," बाबा पुटपुटले आणि पिशवी उचलून फाटकाकडे निघाले.

"शक्ती गोळ्यांची होती. फुंकर म्हणजे नुसता वारा होता," सर म्हणाले. "पोरींच्या तोंडात काय जातंय, हे विचारणं माझं काम होतं. मी विचारलं नाही, कारण मला उत्तरच नको होतं. तुम्ही विचारा. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या हातचं काही घेऊ नका. माझ्याही."

त्यांनी फोन काढला आणि उत्तेजक द्रव्यांच्या तपासणी कार्यालयाला सगळं कळवलं. मुलींची नावंसुद्धा सांगितली. फोन ठेवेपर्यंत लेक शेजारी येऊन उभी राहिली होती.

"पप्पा, मला खरंच माहीत नव्हतं. एवढी शर्यत होऊ द्या. माझं नाव नंतर सांगा ना."

"पहिलं तुझंच सांगितलं, बाळा," सर म्हणाले. "दुसरं माझं."